साकुराचा बहर आणि हिमेजीचा गड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात द्वारका, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



जपानच्या प्रवासाविषयी चार शब्द सांगावेत अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची परीक्षा देऊन आयुष्यभर या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत शिकविले. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणे नाही. तथापि शिक्षकाला एक सवय लागलेली असते. जे पाहावे त्याचे टिपण ठेवावे आणि वर्गात येऊन ते फळ्यावर मांडावे. तेवढेच आज करीत आहोत.

ज्या द्वारका चौकाजवळ आपण जमलो आहोत, तेथे मुंबई-आग्रा मार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. या चौकातून आपल्या ज्ञातीतील किती मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुण्या-मुंबईस आणि तेथून परदेशी गेली, याची गणती आता कोणी करीत नाही. आमचे चिरंजीव त्यांपैकीच एक. त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहामुळे सन २०२५ च्या एप्रिल महिन्यात, गुढीपाडव्याला आठ-नऊ दिवस लोटले असता, आम्हा उभयतांना जपानच्या किनाऱ्याने जाणाऱ्या प्रवासी जहाजावर राहण्याचा योग आला. वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘आगबोट’ म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणारी बोट. हल्लीचे प्रवासी जहाज ही पाण्यावर तरंगणारी एक वसाहतच असते. रात्री ते चालते व सकाळी एखाद्या बंदरास लागते. प्रवाशांनी दिवसभर गाव पाहावे आणि सायंकाळी ठरल्या वेळी परत यावे, असा तेथील शिरस्ता. योकोहामाहून निघालेले आमचे जहाज एके सकाळी कोबे बंदरास लागले. हाताशी नऊ तास होते.

कोबे हे नाव आम्ही वर्गात भूकंपाच्या पाठात उच्चारीत आलो आहोत. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे तेथे झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी सव्वा वर्ष, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, आपल्या किल्लारीने तोच आकांत भोगला होता. बंदराच्या बागेत त्या वेळी फुटलेल्या धक्क्याचा एक भाग आणि कललेले दिव्याचे खांब मुद्दाम तसेच राखून ठेवले आहेत. बाकीचे शहर मात्र असे उभे राहिले आहे, की सांगितल्यावाचून कोणाला काही कळू नये.

कोबेहून पश्चिमेस आगगाडीने पाऊण तासात हिमेजी येते. स्थानकाच्या दारातून बाहेर पडताच समोर सरळ रुंद रस्ता लागतो, आणि त्याच्या टोकाशी, सुमारे एक किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर पांढराशुभ्र गड दिसतो. पंख किंचित उघडून बसलेल्या बगळ्यासारखा तो दिसतो, म्हणून त्याला ‘श्वेत बगळ्याचा गड’ असेही म्हणतात. त्याच्या पायथ्याशी आणि आवारात साकुराची सुमारे एक हजार झाडे आहेत. आम्ही गेलो तेव्हा ती भरात होती.

साकुरा म्हणजे चेरीचे झाड. पण ही झाडे फळासाठी लावीत नाहीत, केवळ फुलांसाठी लावतात. पाने फुटण्यापूर्वीच सारे झाड फुलते. आपल्या पळसाची, पांगाऱ्याची आणि काटेसावरीचीही हीच रीत आहे. मात्र आपली ही झाडे अंगार पेटल्यासारखी फुलतात, आणि साकुराचा रंग दुधात गुलाबाची पाकळी भिजून निघावी इतका फिका असतो. सुगंध जवळजवळ नाही. फुले कोमेजून काळवंडण्याची वाट न पाहता पाकळी पाकळी सुटी होऊन गळतात, आणि वाऱ्याची झुळूक आली की हवेत त्यांचा पाऊस पडतो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हे आपल्या पारिजातकासारखेच आहे; पण पारिजातक पहाटे सडा घालून मोकळा होतो, हे झाड दिवसभर घालीत बसले आहे.” आम्हांस याहून नेमके वर्णन सुचले नाही.

हा सारा बहर एका गावी फार तर दोन आठवड्यांचा, आणि त्यातही ऐन भराचे दिवस थोडेच. म्हणून त्याची वार्ता सारा देश कान देऊन ऐकतो. मान्सून केरळात कधी आला, कोकणात कधी पोहोचला, याच्या बातम्या आपण ज्या उत्कंठेने वाचतो, त्याच उत्कंठेने ते लोक बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे कोठवर सरकला ते पाहतात. मार्चच्या अखेरीस दक्षिणेच्या क्यूशू बेटावर निघालेली ही फुलांची रेषा मेच्या आरंभी उत्तरेच्या होक्काइदोपर्यंत जाते. तेथील हवामान खात्याने गावोगावी एकेक नमुन्याचे झाड ठरवून ठेवले आहे. त्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की त्या गावचा बहर सुरू झाल्याचे जाहीर होते. क्योतो नगरीत तर राजदरबारच्या व इतर रोजनिशांवरून इसवी सन ८१२ पासूनच्या बहराच्या तारखा अभ्यासकांनी जुळविल्या आहेत. २०२१ साली तेथे पूर्ण बहर २६ मार्चलाच आला. तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदीत इतका लवकर तो कधी आलेला नव्हता. पृथ्वी तापत चालल्याचा पुरावा म्हणून जगातील शास्त्रज्ञ आज त्या नोंदी वाचतात. फुलांवर प्रेम करणाऱ्यांनी ठेवलेले टिपण शास्त्राला असे उपयोगी पडले.

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली ती सांगतो. जपानात सर्वाधिक दिसणारी साकुराची जात ‘सोमेइ योशिनो’ या नावाची आहे. एदो नगराजवळ, म्हणजे आजच्या टोकियोत, सोमेइ नावाचे माळ्यांचे गाव होते. तेथून एकोणिसाव्या शतकात ही जात देशभर पसरली. या झाडाच्या बीपासून तेच झाड येत नाही. त्याचे कलमच करावे लागते. द्राक्षबागांच्या नाशिकमध्ये कलम म्हणजे काय हे सांगावयास नको. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी चढविणारे किती तरी बागाईतदार याच सभेत बसले आहेत. सोमेइ योशिनोची सारी झाडे अशा रीतीने एकाच झाडाची अंगे आहेत. म्हणूनच एका गावातील झाडे एकाच वेळी फुलतात. झाडाचे आयुष्यही बहुधा माणसाइतकेच, साठ ते ऐंशी वर्षांचे असते. उत्तरेकडील हिरोसाकीच्या गडावर १८८२ साली लावलेले झाड अजून फुलते, पण तेथील सफरचंदाच्या बागांतली छाटणीची कला माळ्यांनी त्यावर चालविली, म्हणून.

याचा अर्थ आपण लक्षात घ्या. त्या जातीची जी लक्षावधी झाडे जपानात फुलतात, त्यांतील प्रत्येक झाड कोणाच्या तरी हाताने लावलेले आहे. ज्याला आपण निसर्गाची शोभा म्हणतो, ती तेथे पिढ्यान् पिढ्या केलेली लागवड आहे. आजोबांनी लावलेले झाड नातू म्हातारा होण्याच्या सुमारास संपते, आणि नातवाने नवे लावले नसेल तर पणतूला काहीच दिसत नाही. अठराव्या शतकात योशिमुने या शोगुनाने एदोच्या नदीकाठी साकुरा लावविली. फुले पाहावयास येणाऱ्या लोकांच्या पायांनी नदीचा बांध आपोआप तुडवला जाऊन घट्ट व्हावा, असा त्यात हेतू होता, असे सांगतात. लोकांच्या आनंदाला लोकोपयोगाची जोड देणारा तो राज्यकर्ता चतुर म्हटला पाहिजे.

झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे बसली होती. ताडपत्रीच्या कडेला पादत्राणे ओळीने लावलेली. आजीबाई घरून आणलेले डबे उघडीत होत्या, मुले पाकळ्या ओंजळीत धरण्यासाठी धावत होती. आपल्या आवळी भोजनाची आठवण व्हावी असा तो देखावा होता. त्या एवढ्या गर्दीत फांदी वाकवून डहाळी तोडणारा मनुष्य आम्हांस एकही आढळला नाही.

आता गडाकडे वळू. या टेकडीवर चौदाव्या शतकापासून तटबंदी होती. आज दिसणारा गड इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०१ ते १६०९ या काळात बांधला. म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या दोन दशके आधी. पंधरा मीटर उंचीच्या दगडी जोत्यावर साडेएकतीस मीटर उंचीचा मुख्य बुरूज आहे. बाहेरून पाच मजली, आत तळघर धरून सात मजले. आणि जोत्यावरचे हे सारे लाकडाचे. सुमारे पंचवीस मीटर उंचीचे दोन प्रचंड खांब तळापासून वरपर्यंत गेलेले असून त्यांच्यावर सारा भार तोललेला आहे. भिंतींना पांढरा गिलावा. त्यात चुना, तागाचे तंतू आणि समुद्रशेवाळाची खळ. आपल्या पूर्वजांनी घाणीच्या चुन्यात गूळ आणि बेलफळ घातले, त्यांनी समुद्रातून मिळेल ते घातले. कारागिराची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते.

वर जाणारी वाट मुद्दाम वळणावळणांची आहे. समोर दिसणारा बुरूज एकाएकी पाठीमागे जातो, दरवाजे एकाहून एक अरुंद होत जातात, आणि तटातील गोल, त्रिकोणी व चौकोनी जंग्या प्रत्येक वळणावर रोखलेल्या असतात. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपविलेला आहे, त्यामागे हीच युक्ती. बुरुजात शिरताना पादत्राणे काढून पिशवीत घालून बरोबर न्यावी लागतात. जिने इतके उभे आहेत, की आमच्या गुडघ्यांनी प्रत्येक पायरीचा स्वतंत्र हिशेब मागितला. सर्वांत वरच्या मजल्यावर एक लहानसे देवालय आहे. आपल्या प्रत्येक गडावर जशी गडदेवता असते, तशी ती त्या गडाची. तेथे हात जोडताना परकेपणा वाटला नाही.

या गडावर कधी लढाई झाली नाही. त्याचे खरे शत्रू निराळेच होते. जपानात सरंजामशाही संपल्यावर १८७३ साली नव्या सरकारने बहुतेक गड निकालात काढले. हिमेजीचा गडही लिलावात अवघ्या तेवीस येनांना विकला गेला. पाडण्याचा खर्च किमतीहून अधिक येईल असे दिसल्याने तो पडावयाचा राहिला, इतकेच. पुढे नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने वरिष्ठांकडे विनवणी करून त्याच्या जतनाची व्यवस्था करविली. गडात त्याच्या स्मरणार्थ शिला उभी आहे. जुलै १९४५ मध्ये विमानांनी हिमेजी शहर जाळले, तेव्हा एक आगीचा बाँब बुरुजाच्या वरच्या मजल्यावर पडला. तो पेटला नाही. सकाळी लोकांनी पाहिले, तो भोवताली राखेचे शहर आणि मध्ये उभा गड.

पण दैवाने वाचविलेली वस्तू दैवावर सोडून भागत नाही. बुरूज स्वतःच्या भाराने एका बाजूस कलत चालला होता. १९५६ साली त्याचा सांगाडा पुरा उतरविण्यास आरंभ झाला. प्रत्येक तुळई, प्रत्येक पाट काढून तपासला. सुस्थितीतला पुन्हा बसविला, कुजलेला बदलला. पश्चिमेकडचा प्रचंड खांब बदलावा लागला, आणि त्यासाठी आणलेले लाकूड वाटेत मोडले, तेव्हा दोन लाकडांचा सांधा करून खांब उभा केला. पायाखाली नवा मजबूत काँक्रीटचा पाया घातला. १९६४ साली काम पुरे झाले. कोबेच्या भूकंपात त्या गडाची मोठी हानी झाली नाही, याला तो पाया आणि ते सुतारकाम कारण आहे. २००९ ते २०१५ या काळात पुन्हा छपराची कौले उतरवून बसविली व गिलावा नवा केला. तेही लोकांना परातीवरून कारागिरांचे काम पाहू देऊन. आज सबंध जपानात जुन्या काळचे असे मुख्य बुरूज फक्त बारा उरले आहेत. नागोयाचा प्रसिद्ध गड १९४५ साली जळला. त्याच्या जागी १९५९ साली काँक्रीटचा उभारला. बाहेरून तो तसाच दिसतो, परंतु जुन्या सुताराचा हात त्यात नाही.

गडाच्या तटात जाळीखाली जपून ठेवलेला एक दगड दाखवितात. तो जात्याची तळी आहे. दंतकथा अशी, की हिदेयोशी या सेनापतीने येथे पूर्वीचा गड बांधताना दगड पुरेनात. ते ऐकून भाकऱ्या-वड्या विकून पोट भरणाऱ्या एका म्हातारीने आपले जाते दिले. ते पाहून गावोगावचे लोक आपापले दगड घेऊन आले आणि काम पुरे झाले. कथा खरी की खोटी याचा निवाडा इतिहासकार करोत. एवढ्या मोठ्या गडाने आपल्या तटात सरदारांच्या बरोबरीने एका गरीब बाईचे जातेही मिरवावे, ही गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहिली.

यावरून आपल्याकडे काही नाही असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या जिल्ह्यातील बागलाणचा साल्हेर, १५६७ मीटर उंचीचा, हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना खुल्या मैदानात धूळ चारली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत साल्हेर आहे. हिमेजीला तो मान १९९३ साली मिळाला होता. तसेच फुलांचे. पेठ-सुरगाण्याच्या रानात फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा डोंगर पेटल्यासारखा दिसतो. ज्या १९५६ साली हिमेजीचा बुरूज उतरविण्यास घेतला, त्याच साली दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध होऊन मराठी वाचकाला आपल्याच झाडांकडे पाहण्याची दृष्टी मिळाली होती. १८१८ साली इंग्रजांनी या जिल्ह्यातील अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंगांनी फोडल्या, हे खरे. परंतु त्यानंतरची दोनशे वर्षे टाक्यांत साचलेला गाळ इंग्रजांनी टाकलेला नाही. अलीकडे शनिवार-रविवारी गडांवर जाऊन तो गाळ उपसणारी तरुण मंडळी पाहिली की आमचा ऊर भरून येतो. आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेचे जुने वड रस्ता रुंद होताना गेले, त्यांच्या जागी कोणी किती लावले, याचा हिशेब आपल्यापैकी प्रत्येकाने स्वतःशी करावा.

आता शेवटचा मुद्दा. येत्या सर्वसाधारण सभेपुढे जुन्या नाशकातील आपल्या विद्यार्थी-वसतिगृहाच्या वाड्याचा प्रश्न येणार आहे. वाडा पाडून तेथे बहुमजली इमारत उठवावी, असा एक विचार आहे. जुन्या नाशकातील वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर धोक्याच्या नोटिसा लागतात, हे आपण जाणतो. मुलांच्या डोक्यावर पडेल असे छत अभिमानाने राखण्यात शहाणपण नाही, आणि अधिक खोल्या झाल्या तर अधिक मुलांची सोय होईल, हेही आम्ही मान्य करतो. त्या वाड्यात चार वर्षे राहून आम्ही मॅट्रिक झालो. त्याच्या ओसरीवर कंदिलाशी बसून कळवण-सटाण्याकडची किती तरी मुले शिकली. म्हणून आमचे मत मायेचे असेल. परंतु आमची सूचना व्यवहाराची आहे.

प्रथम एक जाणता अभियंता आणि एक जुना सुतार यांच्याकडून वाडा तपासून घ्यावा. प्रत्येक खांबाला, प्रत्येक तुळईला क्रमांक द्यावा. चांगली कोणती, कुजलेली कोणती, याची वही करावी. पाया खचला असेल तर नवा घालावा. हिमेजीकरांनीही तेथे काँक्रीटच घातले. मागची पडकी बाजू राखण्याजोगी नसेल तर तेथे नव्या खोल्या बांधाव्यात. पुढचा चौक आणि ओसरी मात्र सुस्थितीत निघाली, तर दुरुस्त करून मुलांच्या अभ्यासासाठी ठेवावी. ही तपासणी होण्यापूर्वी कोणत्याही कागदावर सही होऊ नये, एवढाच ठराव आम्ही मांडणार आहोत. तपासणीनंतर सभा जे ठरवील ते आम्हांस शिरसावंद्य राहील.

ओसरीच्या भिंतीत देणगीदारांच्या नावांची शिळा आहे. लहानपणी आम्ही ती वाचून वाचून पाठ केली होती. वरची नावे शंभर रुपयांची, मधली दहा-पाचांची, आणि तळाशी आठ-आठ आण्यांची. त्या आठ आणेवाल्यांतील कित्येकांची मुले त्या वाड्यात राहिली नाहीत. त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी दिले. वाड्याचे पुढे काहीही होवो, ती शिळा दर्शनी जागी राहावी, आणि दुरुस्तीनिधीच्या नव्या यादीतही लहानात लहान रक्कम नावानिशी कोरली जावी. नव्या यादीत पहिली भर आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची राहील. आपापल्या घरातून कोणते जाते द्यावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे.